कॅमॅरो एसएस आणि मस्टँग जीटी, दोन्ही वापरून झाल्यावर

फोर्डची मस्टँग विकली आणि शेव्हरोलेची, म्हणजे शेव्हीची, कॅमॅरो ठेवली. निकाल आधीच सांगून टाकला, आता कारण सांगतो, कारण हा निर्णय घ्यायला मला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत दोन्ही गाड्या घरात शेजारी शेजारी उभ्या होत्या. मस्टँग म्हणजे २०१८ ची जीटी, सहा गिअरची मॅन्युअल, पाच वर्षं वापरली. कॅमॅरो २०१७ ची एसएस, तीही मॅन्युअल, सेकंडहँड घेतली, तिला आता दोन वर्षं झाली. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. इथे या दोन गाड्यांवरून लोक अक्षरशः घराणी पाडून बसलेत, फोर्डवाले आणि शेव्हीवाले, आणि वादाचा मुद्दा शेवटी एकाच ठिकाणी येतो, की कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणारा फिरता दांडा, कुठे बसवलाय, इंजिनाच्या पोटात की डोक्यावर.

ज्याला हे नवीन आहे त्याला बुलेटवरून पटकन कळेल. माझ्या बाबांकडे जुनी कास्ट आयर्नची बुलेट होती, ३४६ सीसी, उजव्या पायाला गिअर. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना ते अंगणात बसून टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांतली मोकळीक जुळवायचे. उजव्या बाजूचं छोटं झाकण उघडलं की आत दोन पुशरॉड दिसायचे, आणि सेटिंगची खूण अशी की पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. मी सात-आठ वर्षांचा असताना ते मला बोट लावून बघायला सांगायचे, फिरतोय का, हलत नाही ना, मग नट आवळायचे. कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह वर, आणि खालचा धक्का वर पोचवायला मधे या लांब काड्या. एवढंच आहे पुशरॉड इंजिन. कॅमॅरोच्या ६.२ लिटरच्या व्ही-८ मध्ये, ज्याला एलटी-१ म्हणतात, तेच आहे. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, सोळा पुशरॉड आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या बेचक्यात खाली एकच कॅमशाफ्ट.

मस्टँगचं ५ लिटरचं इंजिन, त्याला कोयोटी म्हणतात, ते उलट. त्यात कॅमशाफ्ट हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाच्या, आत बसवलेत, प्रत्येक बाजूला दोन म्हणजे एकूण चार, आणि व्हॉल्व्ह बत्तीस. मधल्या काड्या गायब. हलणारं वजन कमी झालं की व्हॉल्व्ह जास्त वेगाने उघडमीट करू शकतात, स्प्रिंगला त्यांना वेळेत परत आणता येतं, त्यामुळे इंजिन जास्त आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांनी, फिरतं. शिवाय हवा आत घ्यायचे आणि धूर बाहेर टाकायचे कॅमशाफ्ट वेगळे असल्यामुळे दोघांचं टायमिंग स्वतंत्रपणे पुढेमागे करता येतं. एलटी-१ मध्ये पण व्हेरिएबल टायमिंग आहे पण कॅमशाफ्ट एकच असल्यामुळे दोन्ही एकत्रच सरकतात. (यावर एक तोडगा डॉजच्या व्हायपरने काढला होता, २००८ च्या ८.४ लिटरच्या व्ही-१० मध्ये कॅमशाफ्टच्या आत दुसरा कॅमशाफ्ट घातला होता, काय डोकं लावलंय लोकांनी.)

आता कागदावरचे आकडे. एलटी-१, ४५५ हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला आणि ६१७ न्यूटन मीटर टॉर्क ४४०० ला. कोयोटी, ४६० हॉर्सपॉवर ७००० आरपीएमला आणि ५६९ न्यूटन मीटर ४६०० ला. म्हणजे ताकद सारखीच, पण एकाला ती गाठायला एक लिटरहून थोडं जास्त मोठं इंजिन लागलंय आणि दुसऱ्याला हजार आरपीएम जास्त. लिटरमागे हिशोब केला तर कोयोटी ९१ च्या पुढे जातं आणि एलटी-१ ७४ वर थांबतं, आणि हाच आकडा घेऊन लोक म्हणतात की पुशरॉड मागासलेलं आहे. मी पण पाच वर्षं हेच म्हणत होतो, अगदी मनापासून, कारण तेव्हा मी कॅमॅरो चालवली नव्हती.

चालवल्यावर काय होतं ते सांगतो. सकाळी ऑफिसला जाताना आय-९६ हायवेला लागलो की सहाव्या गिअरमध्ये ताशी ११० किलोमीटरला कॅमॅरोचं इंजिन दोन हजारांच्या बरंच खाली फिरत असतं, जवळजवळ झोपलेलं. समोर ट्रक आला, लेन बदलायची आहे, गिअरला हात न लावता नुसता पाय दाबला तरी गाडी जाते, तक्रार नाही, थरथर नाही, सगळी गाडी एका लांब श्वासात पुढे सरकते. चौथ्यात तर विचारूच नका. आपल्याकडे जुने ड्रायव्हर म्हणायचे ना गाडीला पिकअप आहे, त्या शब्दाचा अर्थ मला या गाडीत नव्याने कळला. सिग्नलवरून निघताना क्लच सोडला की पंधराशे आरपीएमपासूनच ताकद पायाशी आलेली असते. पावसात मात्र जपून, मागची चाकं कधी सुटतील सांगता येत नाही, आणि हे मी घाबरवायला नाही लिहीत, पहिल्याच पावसात एका वळणावर पाठ सरकली तेव्हापासून ओल्या रस्त्यावर मी एक गिअर वरचाच टाकतो.

मस्टँग खाली कमजोर आहे असं अजिबात नाही, ५६९ न्यूटन मीटर म्हणजे कुठल्याही हिशोबाने भरपूर. पण तिचा स्वभाव वेगळा. तीन हजारापर्यंत ती सज्जन गाडी असते, साडेतीनला जागी होते, आणि पाच हजाराच्या पुढे जे काही होतं ते लिहून सांगायला मला जमत नाहीये. आवाजाची जातच बदलते. कॅमॅरो वर जाताना दमत जाते, सहा-साडेसहाला तिला म्हणावं लागतं बस आता, आणि मस्टँग त्या ठिकाणी अजून मोठी होत असते, साडेसात हजारापर्यंत. जिंजरमॅनच्या रेसट्रॅकवर मी दोन्ही गाड्या नेल्या, साउथ हेवनजवळ आहे, तिथे दोन वळणांच्या मधे कॅमॅरोत मला गिअर बदलावा लागायचा आणि मस्टँगमध्ये तोच गिअर धरून वळणापर्यंत जाता यायचं. ट्रॅकवर एवढ्याशा फरकाने माणूस किती शांत होतो ते ज्याने केलंय त्याला माहिती. त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना मी ठरवलं होतं की कॅमॅरो विकायची.

मग एम-२२ ला गेलो. लेक मिशिगनच्या काठाने जाणारा रस्ता आहे, शरद ऋतूत झाडं पेटल्यासारखी दिसतात, एकदा तरी जाच. तिथे मर्यादा ताशी ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर. आता मस्टँगमध्ये दुसऱ्या गिअरला सात हजारावर गेलो की वेग होतो जवळजवळ ताशी १२०. दुसऱ्या गिअरमध्ये! म्हणजे इंजिनाचा जो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो तिथपर्यंत मी रस्त्यावर फक्त पहिल्या गिअरमध्ये किंवा कायदा मोडून पोचू शकतो. पाच वर्षांत त्या वरच्या दोन हजार आरपीएममध्ये मी किती वेळ घालवला असेन, सगळं मिळून काही तास. कॅमॅरोचं जे सगळ्यात चांगलं आहे ते दीड हजार ते चार हजारात आहे आणि मी रोज तिथेच असतो, दूध आणायला जाताना पण. माझ्यासाठी प्रश्न तिथे सुटला. तुमच्या घराजवळ ट्रॅक असेल आणि महिन्यातून दोनदा जात असाल तर उत्तर उलटं येईल आणि ते बरोबरच असेल.

अजून एक गोष्ट आहे जी बॉनेट उघडल्याशिवाय पटत नाही. मोठं इंजिन कुठलं? सीसी बघितले तर ६.२ वालं. पण हातात टेप घेऊन मोजलं तर कोयोटी मोठं आहे, रुंद आणि उंच, कारण दोन्ही डोक्यांवर दोन दोन कॅमशाफ्ट, त्यांच्या लांबच लांब चेन, वर कव्हरं. पुशरॉडच्या इंजिनाचं डोकं बारीक असतं. म्हणजे लिटरमागे ताकद मोजताना लोक सिलिंडरच्या आतली जागा मोजतात, आणि गाडी बनवणाऱ्याला बाहेरची जागा मोजावी लागते. इंजिन बुटकं असलं की वजन खाली राहतं, बॉनेट खाली ठेवता येतं, म्हणूनच शेव्हीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारने इतकी वर्षं हे इंजिन सोडलं नाही. आणि म्हणूनच इथले लोक शेव्हीची जुनी एलएस मालिकेतली पुशरॉड इंजिनं काढून वाट्टेल त्या गाडीत बसवतात, माझदा मियाटासारख्या चिमुकल्या गाडीतसुद्धा, कारण ते मावतं.

मग जगात बाकी सगळीकडे कॅमशाफ्ट वर का गेले, हा प्रश्न मला पडला होता. मोठं कारण टॅक्स. जपान, युरोपात इंजिनाच्या आकारावर कर बसायचा, आपल्याकडे पण बाराशे, पंधराशे सीसीच्या रेषा आखलेल्या होत्याच. सीसी वाढवायचे नाहीत म्हटल्यावर ताकद काढायला आरपीएमच वाढवावे लागतात. अमेरिकेत सीसीवर असा कर नाही, इथे जो गॅस गझलर टॅक्स आहे तो गाडी किती पेट्रोल पिते त्यावर आहे. त्यामुळे इथल्या इंजिनिअरला सीसी फुकट आणि वरची गुंतागुंत महाग. आपल्याकडे पद्मिनीचं इंजिन पुशरॉडचं, मारुती ८०० चं ओव्हरहेड कॅमचं, आणि त्या एका बदलाने आपल्या दोन पिढ्यांची गाडीची कल्पनाच बदलली, त्यामुळे आपल्या डोक्यात पुशरॉड म्हणजे जुनं हे पक्कं बसलंय. बुलेटचं पण तेच, २०२० मध्ये रॉयल एनफिल्डची मीटिअर आली ३४९ सीसीचं नवीन इंजिन घेऊन, कॅमशाफ्ट वर, मग क्लासिक आणि २०२३ ला बुलेटसुद्धा. नवीन चांगली आहे, कमी थरथरते, मान्य.

पण फोर्डची गोष्ट बघा. १९९६ साली मस्टँग जीटीने जुनं पुशरॉडचं ५ लिटर सोडून ओव्हरहेड कॅमचं ४.६ लिटर घेतलं. ताकद किती वाढली? शून्य. २१५ ची २१५. दोन वर्षांनी १९९८ ला जीटी २२५ वर होती आणि कॅमॅरो झेड-२८ मध्ये नवीन एलएस-१ आलं, ५.७ लिटर, पुशरॉड, ३०५ हॉर्सपॉवर. २०१० मध्येही चित्र तेच, जीटी ३१५ आणि कॅमॅरो एसएस ४२६. मग २०११ ला कोयोटी आलं ४१२ घेऊन आणि खरी बरोबरी तेव्हा झाली. पंधरा वर्षं नव्या तंत्राने जुन्याकडून मार खाल्ला, कारण तंत्र कुठलंही असो, ते किती मन लावून बनवलंय यावर सगळं असतं. शेव्हीचा स्मॉल ब्लॉक १९५५ चा, पहिला २६५ क्यूबिक इंच म्हणजे ४.३ लिटर, आणि शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यबिंदूंतलं ४.४ इंचाचं अंतर तेव्हापासून माझ्या २०१७ च्या गाडीपर्यंत तेच आहे. बाकी सगळं बदललंय. डायरेक्ट इंजेक्शन आहे, व्हेरिएबल टायमिंग आहे, कॉम्प्रेशन ११.५ आहे. त्याला साठ वर्षांपूर्वीचं इंजिन म्हणणं म्हणजे घराणं एकच आहे म्हणून नातवाला आजोबा म्हणण्यासारखं आहे.

आणि फोर्डलासुद्धा हे माहिती आहे. २०२० ला त्यांच्या मोठ्या सुपर ड्यूटी ट्रकसाठी त्यांनी नवीन ७.३ लिटरचं इंजिन काढलं ते पुशरॉडचं. आणि शेव्हीने उलट केलं, २०२३ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये ५.५ लिटरचं ओव्हरहेड कॅमवालं, ६७० हॉर्सपॉवर ८४०० आरपीएमला, टर्बो नाही काही नाही, पण साध्या कॉर्व्हेटमध्ये पुशरॉड तसंच ठेवलं. जिथे जे लागतं तिथे ते.

पेट्रोलचं विचारतात सगळे. दोन्ही सारख्याच पितात. मला शहरात लिटरला सहा-साडेसहा आणि हायवेला दहाच्या वर, कॅमॅरो लांबच्या प्रवासाला किंचित बरी. दोन्हींना चांगलं प्रीमियमच घातलं.

मेंटेनन्सला कॅमॅरो साधी आहे, एक कॅमशाफ्ट, एक छोटी चेन. पण एक नीट समजून घ्या. ऑटोमॅटिक एसएसमध्ये चार सिलिंडर बंद करायची सोय असते, पेट्रोल वाचावं म्हणून, आणि त्यासाठी खास प्रकारचे लिफ्टर, म्हणजे कॅमशाफ्टवर टेकून पुशरॉड ढकलणारे भाग, लागतात. मॅन्युअल एसएसमध्ये ती सोय नाही, लिफ्टर साधे. पुशरॉड इंजिनात लिफ्टर खराब झाला तर हेड उतरवावं लागतं, तो मोठा खर्च, म्हणून सेकंडहँड घेताना थंड इंजिन स्वतः चालू करून ऐका. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणा. कोयोटीत ऑइल दहा क्वार्ट म्हणजे जवळजवळ साडेनऊ लिटर लागतं आणि इथे मला एकदा त्रास झाला, एका ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात पोराने आठ क्वार्ट घालून गाडी परत दिली, जुन्या मॉडेलचा आकडा बघून. मी घरी येऊन डिपस्टिक बघायची सवय होती म्हणून वाचलो. ती सवय बाबांची. कुठल्याही गॅरेजमधून गाडी आली की पहिलं डिपस्टिक बघायची, मग पैसे बरोबर दिले का ते.

डॉज चॅलेंजर पण विचारतात म्हणून थोडक्यात. मित्राकडे ६.४ लिटरची स्कॅट पॅक आहे, ४८५ हॉर्सपॉवर, पुशरॉडच, ब्लॉक लोखंडी, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे सोळा स्पार्क प्लग. गाडी सोफ्यासारखी आरामशीर, मागे मोठी माणसं बसू शकतात, जे कॅमॅरोत विसराच. वळणांवर मात्र ती जड आहे. घरात मुलं असतील तर तिचा विचार करा.

कॅमॅरोच्या खिडक्या बारीक आहेत, बाहेरचं कमी दिसतं, हे सगळ्यांनीच लिहिलंय आणि खरं आहे. पार्किंगमध्ये पहिला महिना मान वळवून वळवून दुखली. मस्टँग त्या बाबतीत कितीतरी सोयीची, डिकी पण मोठी, विमानतळावरून दोन बॅगा आणता येतात. नुसती गाडी म्हणून बघितलं तर मस्टँग जास्त शहाणी आहे. मी इंजिनासाठी कॅमॅरो ठेवली. सहाव्या पिढीतल्या, म्हणजे २०१६ पासूनच्या कॅमॅरो इथे मिशिगनमध्येच लॅन्सिंगला बनल्या आणि २०२३ च्या डिसेंबरला बंद झाल्या, चॅलेंजर पण त्याच महिन्यात संपली, मस्टँग मिशिगनमधल्याच फ्लॅट रॉकला अजून बनतेय आणि नवीन जीटी ४८० हॉर्सपॉवरची आहे. ज्यांना नवीनच हवी त्यांनी डोळे मिटून तीच घ्यावी, सध्या नवीन गाडीत व्ही-८ आणि मॅन्युअल गिअर एकत्र मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या, लोक खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, बाबांना तिथे घेऊन गेलो. १९६४ ची एक पाँटियाक जीटीओ हळूहळू समोरून गेली, ३८९ क्यूबिक इंच म्हणजे ६.४ लिटर, आणि तिच्या त्या आडव्या तिडव्या ठोक्याने बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, "हिचं आयडलिंग आपल्या बुलेटगत आहे रे." मी सांगितलं की आतलं काम पण बुलेटचंच आहे, फक्त आठ सिलिंडर. घरी आल्यावर त्यांनी मला कॅमॅरोचं बॉनेट उघडायला लावलं. वर सगळं प्लॅस्टिकचं झाकण, दिसत काहीच नाही. मी चालू केली, ते फेंडरवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"ह्याचं टॅपेट कोण सेट करतंय?"

"कोणीच नाही बाबा, हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, आपोआप होतं."

"मग तू रविवारी सकाळी काय करतोस?"

पुढचे पाच रविवार आम्ही दोघं सकाळी सातला निघायचो, एम-१४ वरून ॲन आर्बरपर्यंत, तिथे कॉफी आणि परत. जाताना मी सहावा टाकायचो. येताना ते म्हणायचे चौथ्यातच राहू दे, आणि काच खाली करायचे.